काटा बाजूला ठेवला, तर मोजायचं काय?

कर्वेनगरकर:
वय ४१, वजन ८२. वजनामागे धावणं बंद, शरीर आहे तसं मान्य, हे पक्कं. पण चालणं आणि नीट जेवण मनापासून हवंय. काटा हलला नाही की आठवड्याभरात सगळं बारगळतं. मग मोजायचं काय? शिवाय चालताना मांड्या घासून सोलवटतात.

टेकडीवाली:
ताई, रात्री पापड-लोणचं जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की शरीर पाणी धरतं. सकाळी किलोभर वाढ सहज दिसते, ती चरबी नसते. अशा आकड्यावर दिवस का नासवायचा?

वहीत दोनच रकाने करा. आठवड्याची चालण्याची मिनिटं, हळूहळू १५० पर्यंत. आणि महिन्यातून एकदा, हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते. पहिले दोन आठवडे दोन्ही जेवणांनंतर १० मिनिटं पुरेत. वेग असा की बोलता यावं, गाता येऊ नये. पर्वतीच्या पायऱ्यांनी सुरुवात नको, उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. आधी सपाट रस्ता.

मांड्यांचं म्हणाल, तर ओली कातडी जास्त घासते, आणि घाम वाळला की मागे राहिलेलं मीठ चरचरतं. सलवारखाली मांडीच्या मध्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट्स घाला, किंवा निघण्याआधी कोरड्या त्वचेवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. पावडरीचे घामाने गोळे होतात. सोलवटलेलं आधी बरं होऊ द्या.

दोनपोळ्या:
काय काढायचं हे नंतर बघू, आधी काय घालायचं ते. नुसत्या कांदेपोह्यांत प्रथिनं कमी, म्हणून अकरालाच पोटात कावळे ओरडतात. पोहे सोडू नका. त्यात मूठभर शेंगदाणे, अर्धी वाटी मटार घाला, सोबत वाटीभर दही. दुपारी वाटीभर मटकीची उसळ. आणि श्रीखंड झालं म्हणून दुसऱ्या दिवशी लंघन अजिबात नको, रात्री जेवणावर तुटून पडायला होतं.

सुईदोरा:
'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेली ब्लाउजं आजच्या मापाची करून घ्या. कुशीत (बाजूच्या शिवणीत) इंच-इंच माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल तर छातीत दोन-तीन इंच मिळतात. पण नुसती कूस उसवली तर मुंढा (बाही जोडतात तो भाग) काचतोच, बाहीही सैल करायला सांगा. रेशमावर जुन्या शिलाईची खूण राहते, तेवढी चालवून घ्या. दंडात रुतणारं ब्लाउज दिवसभर शरीराबद्दल वाईटच बोलत राहतं.

कर्वेनगरकर:
खूप आधार वाटला. गेल्या तपासणीत रक्तदाब जास्त निघाला होता. तरी चालू ना?

नाडीपरीक्षा:
आधी नीट मोजून घ्या. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. मोठा पट्टा मागा, तो तुमचा हक्क आहे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला हवा. मिनिटभराने पुन्हा मोजा. तरीही १४० / ९० च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवा. सपाटीवरचं चालणं सहसा थांबवावं लागत नाही, पण छातीत दाटलं किंवा घेरी आली तर लगेच थांबा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सुद्धा करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. शरीर मान्य केलं म्हणून तपासणी टाळू नका. वजन घेताना काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं, आकडा वाचून दाखवू नका एवढं सांगा.