बुधवारी सकाळी येणारं हे ‘टीआयवर्कर’ काय आहे?

प्रश्न: मी घरी ब्लाउज शिवते, हिशेब लॅपटॉपवर ठेवते. आज बुधवारी पंखा घोंघावू लागला म्हणून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी) उघडलं. डिटेल्समध्ये ‘टीआयवर्कर.ईएक्सई’ सगळ्यात वर! गिऱ्हाइकांची मापं, उधारी, सगळं यातच आहे हो. व्हायरस असेल का? बंद करू?

उत्तर: ताई, बंद करू नका. हा विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, अपडेट बसवणारा. मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. म्हणून बुधवार. पण नुसत्या नावावर विसंबू नका, ते कुणीही लावू शकतं. राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. खरी फाइल विंडोज फोल्डरच्या ‘विनएसएक्सएस’मध्ये असते. टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) किंवा डाउनलोड्समध्ये सापडली तर लगेच अँटिव्हायरसने स्कॅन करा.

दुसरं उत्तर: चार्जर लावून ठेवा, मध्येच पॉवरचं बटण दाबू नका. आणि हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

प्रश्नकर्ती: विनएसएक्सएसमध्येच निघालं! अर्ध्या तासात पंखाही शांत झाला. पेनड्राइव्ह आणायला मुलाला पाठवलंय. दोघांचेही मनापासून आभार, दादा.