सावली, छाया की नुसता काळोख?

अडलेला: भाषांतरात अडकलोय. दिव्याच्या उजेडात हाडं न्याहाळणारा म्हातारा, हे जोसेफ राइटचं चित्र. त्यावरून विल्यम पेथरने १७७० मध्ये मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, केलं. हा ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस, असं काही जण मानतात. मी लिहिलं, 'सावलीतून वर येणारा चेहरा'. संपादकांनी 'सावली' खोडून 'छाया' केलं. म्हणे, सावली झाडाची असते. पटतं का?

पाटीपेन्सिल: ग्रेड परीक्षेच्या वेळी आमचे ड्रॉइंगचे सर सांगायचे: मडक्याच्या अंगावर असते ती छाया, टेबलावर पडते ती पडछाया. सावलीत बसायचं, ती काढायची नाही.

शाईचा बोळा: इथे दोन्ही चूक. मेझोटिंटला तांब्याचा पत्रा आधी दातेरी पात्याने सगळा खरबरीत करतात. तसाच छापला तर कागद गच्च काळा. मग उजेड हवा तिथे खरवडायचं, घोटायचं. तिथे शाई कमी धरते. काळोख आधीपासूनच आहे, 'पडलेलं' काहीच नाही. 'काळोखातून' लिहा.

तत्सम: आधी मेझोटिंट हटवा. इटालियनमध्ये अर्थ अर्धी छटा, मग 'अर्धछटामुद्रण' का नको? लिथोग्राफला शिळाछाप म्हणतच होतो.

शाईचा बोळा: शिळाछाप सुटसुटीत आहे, तोंडात बसतो. तुमचा शब्द उच्चारेपर्यंत शाई वाळेल. शिवाय फ्रेंच लोक या तंत्राला 'काळी रीत' म्हणतात. अर्धछटेत ते काळेपण कुठे गेलं?

पाटीपेन्सिल: काळी रीत! +१

उंबरठा: अवांतर: सावळा हा शब्द सावलीवरूनच ना? आजी म्हणायची, 'सावलीसारखा तो सावळा.'

तत्सम: आजींचा मान राखून, श्यामलवरून.

उंबरठा: तुमचं सगळंच संस्कृतातून येतं.

अडलेला: अहो, माझी ओळ?

उंबरठा: पण डेमोक्रिटस तर हसरा ना? रडका तो हेराक्लिटस. हा म्हातारा कुठे हसतोय?

शाईचा बोळा: इटालियन चित्रकार साल्व्हातोर रोझाचा डेमोक्रिटसही हसत नाही, आणि राइटने त्यावरूनच हा बेतला असं मानतात. रोझाच्या एचिंगखाली (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेल्या छापाखाली) लॅटिन ओळच आहे: सगळ्यांना हसणारा डेमोक्रिटस सगळ्यांच्या शेवटापाशी थबकतो.

तत्सम: 'थबकतो' नव्हे, 'खिळतो'. मूळ क्रियापदात रोवणं आहे.

पाटीपेन्सिल: खिळते ती नजर. माणूस थिजतो.