सल्ला पायजे: रेसकारच्या मागच्या विंगले कोणता सर्वो (सांगितल्या कोनावर फिरून थांबणारी मोटर) लावू? बजेट ३०००

दर्यापूर_रेसर:
राम राम मंडळी. कॉलेजची फॉर्म्युला गाडी बनवून राह्यलो. विंगचा (हवेच्या जोरानं गाडी खाली दाबणाऱ्या पाटीचा) वरचा फ्लॅप सीध्या रस्त्यावर आडवा अन् ब्रेक मारला का उभा, असं पायजे. फ्लॅप १ मीटर लांब, २० सेंमी रुंद, बिजागरी पुढच्या कडेले. स्पीड ८० पर्यंत. एमजी ९९६ आर सर्वो चालन काय? ३००० च्या वर एक रुपया नाई.

संत्र्याचा_मळा:
३००० मंदी काय होते भाऊ. मी रोबोटच्या हातासाठी १८ हजाराचा घेतला, आवाज सुदिक नाई येत. घ्यायचं तं चांगलंच घ्या.

जुनी_राजदूत:
सर्वो कायले पायजे बे? भंगारातून वायपर मोटर आण. वर्म गियर हाय, हवेनं कितीबी ढकललं तरी उलटी फिरत नाई. माह्या फवारणी पंपावर लावली हाय, मस्त चालू.

काळी_माती:
अन् वायर तुटली तं? फ्लॅप उघडाच (आडवाच) अडकन, वळणावर मागचे चाकं हलके, गाडी गरकन फिरली समजा. फवारणी पंप ८० नं पळते काय राजेहो?

जुनी_राजदूत:
पंप ट्रॅक्टरवर हाय, अन् ट्रॅक्टर माहा तुह्या गाडीपेक्षा जास्त चालला.

लेथवाला:
भांडू नका. सीएल (हवेच्या जोराचा गुणांक) २ धरला तं ८० ले फ्लॅपवर अंदाजे १२ किलो जोर येते, ४० ले फक्त ३. हा जोर पुढच्या कडेपासून साधारण ५ सेंमीवर, म्हणजे फिरवाचा जोर (टॉर्क) ६० किलो-सेंमी झाला. ९९६ आर ६ व्होल्टवर ११ च्या आसपास, तेही थांबून मोडाच्या बेताले आल्यावर. सर्वो बदलू नको, बिजागरी बदल. ती ६ सेंमी मागं घे, मंग १२ च किलो-सेंमी राह्यते, अन् करंट गेला तं हवाच फ्लॅप उभा करते. एफवनमंदी २०११ ते २०२५ डीआरएस (सीध्या रस्त्यावर फ्लॅप उघडाची सोय) होतं तेव्हा फ्लॅपची पुढची कड उचलत ते याच्याचसाठी, फक्त तिथं हायड्रॉलिक असे. मंग २० किलोवाला मेटल गियर घे, बजेटमंदी बसते. फ्लॅपले दोन्हीकडून स्टॉपर दे.

संत्र्याचा_मळा:
मेटलच घ्या. प्लास्टिकवाला खोलला तं झाकणात पांढऱ्या दात्यांचा निस्ता चुरा. म्हणूनच १८ हजार.

विजेचा_खांब:
आर्डुइनो बोर्डाच्या (सर्वोले सिग्नल देणाऱ्या) ५ व्होल्ट पिनवरून सर्वो चालवू नको. ९९६ आर अडकला का अडीच अँपिअर ओढते, बोर्ड रिसेट होते. वेगळी बॅटरी दे, ग्राउंड (मायनस वायर) एकच ठेव.

काळी_माती:
तेच म्हणतो, वेगळी बॅटरी पायजे. अन् मेटल गियर.

दर्यापूर_रेसर:
सगळ्याइचे आभार. पण एंडप्लेटले (विंगच्या बाजूच्या उभ्या पाटीले) होल पाडून झाले, बिजागरी आता हलत नाई, सर म्हणतात नवीन प्लेट भेटणार नाई. दोन ९९६ आर मागवले, दोन्ही बाजूनं एकेक, मोपेडच्या स्टँडची स्प्रिंग मदतीले. दुसऱ्या बाजूचा सर्वो उलटा बसते, तं त्याचा सिग्नल कोडमंदी उलटा करा लागन काय?