स्क्लेरोडर्मामध्ये हाताची सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न (निपाणी):
माझ्या आईला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा (कातडी जाड आणि घट्ट करणारा आजार), झाल्याचे निदान आहे. तिची सारी उमेदीची वर्षे विड्या वळण्यात गेली. आता बोटे सुजून इतकी ताठ झाली आहेत की कातरलेले पानही तिला दुमडता येत नाही. गार पाण्यात हात घातला की बोटे आधी पांढरी, मग निळी पडतात. एक्स-रे झालेला असूनही डॉक्टरांनी हाताची सोनोग्राफी करायला सांगितले आहे. एक्स-रेमध्ये जे दिसले नाही ते हिच्यात दिसेल का, आणि त्यासाठी आईला बेळगावला न्यावे की मिरजेला?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, बेळगाव):
आपला एक्स-रे वाया गेलेला नाही, कारण बोटांच्या टोकांचे हाड झिजले आहे का हे तोच नीट दाखवतो. परंतु या आजारात हात आखडण्यामागे कातडी जाड होणे, सांध्याच्या अस्तराला सूज येणे किंवा स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांचे आवरण जाड होणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि उपचार त्यानुसार बदलतात. कातडी घट्ट असल्यामुळे आतली सूज चाचपून कळणे अवघड असते. सोनोग्राफीत ती दिसते, आणि पॉवर डॉपलर लावला की तिथला वाढलेला रक्तप्रवाह रंगाने उमटून दाह आज धगधगतो आहे का, याचा अंदाज येतो. कातडीखाली साठलेला कॅल्शियम पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे बहुधा काळी सावली पडते. मनगटात नस (मज्जातंतू) दबली आहे का आणि करंगळीकडच्या बाजूने येणारी रोहिणी (हाताला रक्त पुरवणारी धमनी) अरुंद झाली आहे का, हेही त्याच बैठकीत पाहता येते. तरीही निदान केवळ या चित्रावर ठरत नाही. संधिवाततज्ज्ञ 17 ठिकाणची कातडी चिमटीत धरून प्रत्येक ठिकाणी 0 ते 3 गुण देतात, त्या तपासणीची जागा यंत्र घेत नाही.
गावापेक्षा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा सोनोग्राफी यंत्राचा भाग, महत्त्वाचा आहे. उथळ भागासाठीचा, साधारण 15 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक क्षमतेचा लिनियर (सपाट, सरळ तोंडाचा) प्रोब आहे का आणि तिथे सांध्यांची सोनोग्राफी नेहमी होते का, हे आधी फोनवर विचारावे.

उत्तर (रुग्ण, खानापूर):
ताई, आईंना हातमोजे घालूनच न्या आणि तपासणीपूर्वी थोडा वेळ उबदार जागेत बसवा. थंड खोली आणि गार जेल यांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग रक्तप्रवाह आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून जेल कोमट करून भरपूर लावायला आणि प्रोब न दाबता धरायला मी आवर्जून सांगते. निकोटिननेही रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू हाताळण्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोला. बोटाच्या टोकाला जखम झाली किंवा ते काळे पडू लागले, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.