अनेक छोटे सर्व्हर घ्यावेत की एकच दणकट?

तुकोगंजकर, इंदूर
नमस्कार. इंदूरमधील लहान व्यावसायिकांच्या डझनभर वेबसाइटांचे काम मी एकटाच पाहतो. त्यांत कापड बाजारातील दोन पेढ्या, एक नमकीनवाले, आपल्या गणेशोत्सव मंडळाची साइट आणि भंवरकुआं भागातील एक क्लास आहे. जवळजवळ सगळ्या वर्डप्रेसवर चालतात. सध्या त्या एकाच शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर आहेत. क्लासच्या साइटवर एरवी शुकशुकाट असतो, पण राज्य लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की झुंबड उडते आणि नमकीनवाल्यांच्या ऑर्डरी अडकतात. आता स्वतःचे व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा आपल्यासाठी राखलेला हिस्सा, जो स्वतंत्र सर्व्हरसारखा चालतो) घ्यायचे ठरवले आहे. जवळपास सारख्याच खर्चात १ जीबी मेमरीचे ८ सर्व्हर मिळतात किंवा ८ जीबी मेमरीचा आणि ४ कोअरचा एकच मिळतो. आपण काय निवडाल?

जुना लिनक्सवाला, इंदूर
मी एकच घेईन. १ जीबीच्या सर्व्हरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांनीच निम्मी जागा अडवलेली असते, आणि वर्डप्रेसची पाने तयार करणाऱ्या एकेका पीएचपी प्रोसेसला ५०-६० एमबी सहज लागतात, म्हणून सात-आठ जण एकदम आले की मेमरी संपते आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सर्वांत मोठा प्रोसेस, बहुधा डेटाबेसच, मारून टाकतो. हाच प्रकार आपण आठ ठिकाणी उभा करणार. शिवाय कापड पेढीच्या सर्व्हरवर रिकामी पडलेली मेमरी क्लासच्या गर्दीला उपयोगी पडत नाही. अपडेट आठ वेळा, फायरवॉल आठ वेळा, लॉग आठ ठिकाणी. एकट्या माणसाने हा व्याप का वाढवावा?

शिंदे छावणी, ग्वाल्हेर
मेमरीचे गणित मान्य आहे, परंतु आपले मूळ दुखणे एकाच्या गर्दीत दुसऱ्याने भरडले जाण्याचे आहे, आणि मोठ्या सर्व्हरवर ते आपोआप बरे होणार नाही. प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स यूजर आणि वेगळा पीएचपी-एफपीएम पूल (पीएचपी प्रोसेसचा स्वतंत्र गट) द्या, तसेच पूलच्या प्रोसेस संख्येवर मर्यादा घाला. क्लासला १५ प्रोसेसची मर्यादा घातली की सोळावा अभ्यागत रांगेत थांबेल, पण नमकीनवाल्यांचे पीएचपी चालू राहील. एखाद्या प्लगिनमधून कोणी आत शिरलाच, तरी वेगळ्या यूजरमुळे शेजारच्या साइटच्या फाइली त्याला सहजासहजी मिळणार नाहीत. ईमेल मात्र सर्व्हरच्या याच आयपी पत्त्यावरून पाठवू नका. एका साइटच्या फॉर्ममधून स्पॅम सुटला की सगळ्यांची पत्रे अडतात.

तुकोगंजकर, इंदूर
दोघांचेही आभार. एक शंका उरते: एकच सर्व्हर बंद पडला तर बाराही ग्राहक एकाच वेळी फोन करतील. निदान त्या दृष्टीने तरी आठ सर्व्हर सुरक्षित नव्हेत का?

जुना लिनक्सवाला, इंदूर
फोन कमी येतील, हे खरे. पण प्रत्येक साइट तेव्हाही एकाच सर्व्हरवर असेल. तो पडला की ती पडलीच, तिची जागा घेणारा दुसरा कोणी नसतो. एकाच कंपनीचे आठ व्हीपीएस प्रत्यक्षात एकाच यंत्रावर असण्याचीही शक्यता असते. खरी पर्यायी व्यवस्था हवी असेल तर लोड बॅलन्सर (येणारी गर्दी अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) आणि डेटाबेसची दुसरी, सतत अद्ययावत राहणारी प्रत लागते. आपल्या ग्राहकांच्या बजेटमध्ये ते बसेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा रोजचा बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि अधूनमधून तो नव्या सर्व्हरवर उभा करून पाहा. सर्व्हरच्याच खात्यात ठेवलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे सर्व्हरच्या तयार प्रतीवर, विसंबू नका, खातेच बंद झाले तर तोही हातचा जातो.

शिंदे छावणी, ग्वाल्हेर
क्लासविषयी आणखी थोडे. निकालाच्या दिवशी लोक यशस्वी विद्यार्थ्यांची यादी पाहायला येत असतील, तर ते पान सगळ्यांना सारखेच दिसते. त्याची तयार एचटीएमएल प्रत एन्जिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरने थेट दिली की पीएचपीला आणि डेटाबेसला हातही लागत नाही, आणि छोटा सर्व्हरही ती गर्दी आरामात झेलतो. लॉगिन करून सराव परीक्षा देणाऱ्यांना मात्र असे कॅश केलेले, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले पान चालत नाही. सराव परीक्षांची सोय त्या साइटवर आहे का?

तुकोगंजकर, इंदूर
होय, सराव परीक्षा आहेत आणि निकालानंतर तिथेच नव्या मुलांची नोंदणी होते. म्हणून आता असा विचार आहे की बाकी अकरा साइटांसाठी ४ जीबीचा एक सर्व्हर आणि क्लाससाठी २ जीबीचा स्वतंत्र सर्व्हर घ्यावा, आणि उरलेले पैसे बॅकअपच्या जागेवर घालावेत. क्लासच्या सर्व्हरचे बिल क्लासच्याच नावावर काढता येईल, हा आणखी एक फायदा.

जुना लिनक्सवाला, इंदूर
हे पटले. पहिल्या आठवड्यात टॉप कमांडमधील एसटीचा (st, म्हणजे आपल्याला हवा असूनही यंत्राने इतरांना दिलेला प्रोसेसरचा वेळ) आकडा पाहत राहा. तो सतत चढा असेल तर त्या यंत्रावर शेजारी, म्हणजे इतरांचे व्हीपीएस, जास्त आहेत, साइटा हलवण्याआधी सर्व्हर बदलून मागा.