ओल्ड गोव्यातला फ्रान्सिस्कन मठ आणि त्यातलं म्युझियम: आईला घेऊन जमेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई, मी आणि माझी नववीतली मुलगी अशा तिघी गोव्याला चाललोय. बीचवर आमच्यापैकी कुणालाच फारसा रस नाही, आईला जुन्या वास्तू आवडतात आणि मुलीला इतिहासाचं वेड आहे. ओल्ड गोव्याला बहुतेक जण बॉम जीझस आणि से कॅथेड्रल बघतात आणि गाडीत बसतात, पण कॅथेड्रलच्या मागेच सेंट फ्रान्सिसचं चर्च आहे आणि त्याला लागून जो मठ होता त्यात आता पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे असं कळलं, तर मला तेच निवांत बघायचंय. वेळ किती धरू? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या खूप आहेत का? आणि मुलगी विचारतेय की हे फ्रान्सिस म्हणजे तेच का ज्यांचं शव बॉम जीझसमध्ये ठेवलंय, मला नीट सांगता आलं नाही, कुणी समजावेल का प्लीज.

तांबडा_दगड

ताई, मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तिथे आलेल्या निम्म्या लोकांचा हाच घोटाळा होतो. दोन वेगळे फ्रान्सिस आहेत. बॉम जीझसमध्ये आहेत ते फ्रान्सिस झेवियर, जेझुइट (ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक वेगळा संघ), 1542 ला गोव्यात आले आणि 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. तुम्ही म्हणताय ते चर्च असिसीच्या फ्रान्सिसचं, इटलीतले, त्यांच्याही तीनशे वर्षं आधीचे, 1226 ला वारले. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा, सगळं सोडून भिक्षेवर राहिला, आणि त्याच्यामागे जे गेले ते फ्रान्सिस्कन. तपकिरी झगा, कमरेला दोरी, दोरीला तीन गाठी, म्हणजे तीन व्रतं. स्वतःला ते "धाकटे बंधू" म्हणवतात.

1510 ला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतलं आणि 1517 ला आठ फ्रान्सिस्कन इथे येऊन राहिले. त्यांचं आधीचं चर्च पाडून 1661 ला आत्ताचं बांधलं, पण जुन्या चर्चचा दरवाजा मात्र ठेवला, आणि तिथे पाच मिनिटं थांबाच. बाकी सगळी भिंत जांभ्याची, वरून चुन्याचा गिलावा, आणि मधेच हा काळ्या दगडाचा कोरीव दरवाजा, वर राजाचं चिन्ह आणि दोन बाजूंना दर्यावर्दी वापरायचे ते आकाशगोल. समुद्रावरच्या सत्तेचा तोरा भिक्षेकऱ्यांच्या दारावर, मला हे दर वेळी टोचतं.

आत गेल्यावर आधी खाली बघा. फरशी म्हणजे थडग्यांचे दगड आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेली, चारशे वर्षांत पायांनी झिजलेली. मग मुख्य वेदी, भरपूर सोनेरी, क्रुसावरचा येशू आणि जवळ तेवढाच मोठा फ्रान्सिस, आणि त्यांच्या खाली लिहिलेली व्रतं, दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत, ते मुलीला क्रमाने दाखवा, गोष्ट आपोआप कळते.

चर्च आणि म्युझियम मिळून दोन तास तरी ठेवा, घाई करू नका.

मांडवीकाठ

मी इथलाच. आधी सगळ्यात महत्त्वाचं, शुक्रवारी म्युझियम बंद असतं, चर्च उघडं असतं पण म्युझियम नाही, कितीतरी लोक लांबून येऊन परत जातात म्हणून सांगतोय.

आईंसाठी: मठाचा तळमजला म्हणजे मधे चौक आणि भोवती कमानींची पडवी, तिथेच दगडी शिल्पं आहेत आणि चालायला सपाट आहे. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरी मात्र वरच्या मजल्यावर आहेत, जिना चढावा लागतो. आईंना खाली बसवून तुम्ही दोघी जाऊन या, फार वेळ लागत नाही. तसबिरींची सुरुवात 1547 ला पोर्तुगीज गव्हर्नर जुवांव द कास्त्रोने केली, नंतर शतकानुशतकं भर पडत गेली. जुन्या तसबिरींवर पुन्हा पुन्हा रंग चढवलाय त्यामुळे चेहरे बरेचसे एकसारखे वाटतात, पण कपडे बघत गेलात तर चिलखतापासून कोटापर्यंतचा प्रवास दिसतो, मुलीला मजा येईल.

प्रवेशाजवळच अल्बुकर्कचा भलामोठा ब्राँझचा पुतळा आहे, आधी तो पणजीत उभा होता. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळा पण पूर्वी बाहेर उघड्यावर होता, आता आत.

रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन अगदी जवळ पडतं. पणजीहून बस सारख्या असतात, नऊ-दहा किलोमीटर. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, चर्चमध्ये शांतता ठेवा, एवढंच. 3 डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थना, तेव्हा खूप गर्दी होते, आईंना घेऊन त्या दिवसांत नको. शक्यतो सकाळी लवकर या. पण चर्चचं तोंड पश्चिमेला आहे (कॅथेड्रलचं पूर्वेला), त्यामुळे दर्शनी भिंतीचा फोटो चांगला हवा असेल तर दुपारनंतर.

गडभटक्या

तसबिरी ठीक आहेत हो पण मी तिथे जातो ते वीरगळांसाठी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडांसाठी!! गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातले वीरगळ आणि सतीशिळा आहेत, त्यात जहाजं कोरलेले वीरगळ आहेत, म्हणजे समुद्रावरच्या लढाईत पडलेल्या वीरांचे. असे आपल्याकडे फार थोडे, बोरिवलीजवळ एक्सरला आहेत ते एक. मुलीला सांगा वीरगळ खालून वर वाचायचा, सगळ्यात खाली लढाई आणि मरण, वर अप्सरा त्याला घेऊन जातायत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि टोकाला चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात शोधायचा. एकदा हे कळलं की पुढे गावोगावच्या देवळाबाहेर पडलेले दगड बोलायला लागतात. आणि हो, मराठी आणि फारसी शिलालेख पण आहेत, ते चुकवू नका. पोर्तुगीज गोव्याच्या ऐन मध्यात, ख्रिस्ती मठाच्या पडवीत, आपली लिपी दगडावर बघितली तेव्हा मी कितीतरी वेळ हललो नव्हतो.

माळवद

गडभटक्यांनी बोरिवली काढलीच आहे तर, तिथे मंडपेश्वरला जाऊन या कधीतरी, हेच फ्रान्सिस्कन. सोळाव्या शतकात आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कनाने शिवाच्या लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ बांधला, आज वरचा मठ पडका आणि खाली पुन्हा शिवाची पूजा, पण लेण्यातल्या भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे. मी हे भांडणासाठी लिहीत नाहीये. पण मुलगी नववीत आहे, तिला दोन्ही सांगा, की ज्या माणसाने गरिबीचं व्रत घेतलं त्याच्या नावाने देवळंही गेली. गोव्यातला हा मठही कायम राहिला नाही, 1835 ला पोर्तुगीज सरकारनेच सगळे मठ बंद करून साधूंना बाहेर काढलं. आणि त्या रिकाम्या मठात 1964 पासून विष्णू, सूर्य, वीरगळ येऊन उभे आहेत. मला वाटतं ही गोष्टच त्या जागेची खरी गोष्ट आहे, नुसत्या वस्तू बघितल्या तर ती निसटते.

रानजाई

जाऊन आलो!! सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास पोचलो, चर्चमध्ये आमच्याशिवाय चार-पाचच माणसं होती. आई थडग्यांच्या फरशीवर पाऊल ठेवायला तयारच होईना, म्हणाली खाली माणसं आहेत, मग कडेकडेने भिंत धरून गेली. वेदीपाशी बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि व्रतं वाचून दाखवल्यावर म्हणाली हे तर आपल्या संतांसारखंच आहे, फक्त सोनं जास्त झालंय.

म्युझियममध्ये आईला पडवीत बसवलं आणि आम्ही वर गेलो, पण खरं सांगू, मुलीला वरून लवकर खाली यायचं होतं. तिने जहाजाचा वीरगळ शोधलाच, खालून वर वाचत गेली आणि मग येऊन आजीला सगळा समजावून सांगितला. मराठी शिलालेखातली तीन-चारच अक्षरं ओळखता आली पण तेवढ्यावर ती इतकी खूश की आता मोडी शिकायची म्हणतेय.

गडभटक्या

वा!! जुने शिलालेख जास्त करून देवनागरी वळणाचे असतात, मोडी ही मुख्यतः कागदावरची. तिला आधी जुन्या देवनागरीचे अक्षरतक्ते द्या, मग मोडी. आणि पुढच्या वेळी कोपरातल्या हाताचे दगड मोजून आणायला सांगा.