शब्दचर्चा : 'नियामक' पेशी की 'दमनकारी' पेशी?

भाषांतरकार, शाहूपुरी :
त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावर (रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींचा त्वचेत होणारा कर्करोग) रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. 'रेग्युलेटरी टी सेल'साठी, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी-पेशींसाठी, नियामक, नियंत्रक आणि दमनकारी असे तीन शब्द समोर आहेत. कुठला घ्यावा? आणि 'लिम्फोमा'साठी 'लसिकार्बुद' चालेल का?

प्रतिकारशास्त्राची शिक्षिका :
'दमनकारी' आधी बाद करा. १९७०च्या दशकात 'सप्रेसर टी सेल' ही कल्पना जोरात होती, पण पुढच्या दशकात तिचे पुरावेच ढासळले आणि शब्दही बदनाम झाला. १९९५मध्ये शिमोन साकागुची यांनी सीडी२५ ही खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) असलेल्या अशा पेशी दाखवल्या, तिथून विषय पुन्हा उभा राहिला आणि 'रेग्युलेटरी' हे नाव रुळलं. २०२५चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना मिळालं ते याच कामासाठी. 'नियंत्रक' म्हटलं की परीक्षा नियंत्रक डोळ्यांपुढे येतो. 'नियामक'च ठेवा.

'लसिकार्बुद' कोशात शोभतं. माहितीपत्रकात वाचणारा 'लस घेतल्यानं झालेली गाठ' असा अर्थ काढेल. सरळ 'लिम्फोमा' लिहा.

शेतकरी मासिकाचा उपसंपादक, कागल :
'नियामक' वाचून आमच्या वाचकाला नियामक मंडळ दिसणार. त्यापेक्षा बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, सांगा की! कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाऊस लागायच्या आधी काढायचे. राहिले तर पाणी तुंबून कडेचा भराव फोडतं, घातलेच नाहीत तर उन्हाळ्यात पात्र कोरडं. या पेशीही प्रतिकाराचं पाणी तसंच अडवतात ना?

त्वचारोगतज्ज्ञ, राजारामपुरी :
दाखला झकास आहे, पण या आजारात एक गोम आहे दादा. इतर बऱ्याच कर्करोगांत नियामक पेशी गाठीशी लढणाऱ्या प्रतिकाराला अडवतात, म्हणजे रोग्याच्या तोट्याच्या. इथं मात्र बिघडलेली पेशी स्वतःच टी-पेशी आहे, म्हणजे पूरच त्या पाण्याचा. बर्गे कधी पूरही अडवतात. मायकोसिस फंगॉइडिसच्या (या लिम्फोमाचा नेहमी दिसणारा प्रकार) सुरुवातीच्या चट्ट्यांत फॉक्सपी३ हे नियामक पेशींची खूण असलेलं प्रथिन बाळगणाऱ्या पेशी जास्त, गाठींच्या अवस्थेत कमी, आणि जास्त असतील तर रोग्याचं आयुर्मान बरं, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. उलट सेझारी सिंड्रोमच्या (बिघडलेल्या पेशी रक्तातही असलेला प्रकार) काही रुग्णांत बिघडलेली पेशीच फॉक्सपी३ दाखवते. म्हणून 'या पेशी वाईट' असा सूर शब्दातून येऊ देऊ नका. 'दमनकारी'त तो आपोआप येतो.

मायकोसिस फंगॉइडिसचं 'बुरशीजन्य' असं भाषांतर तर अजिबात नको. फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांना १८०६मध्ये दिसलेल्या गाठी अळंबीसारख्या होत्या, एवढाच त्या नावाचा अर्थ. बुरशीचा काही संबंध नाही. आधीच लोक कमरेवरचे, मांडीवरचे चट्टे गजकर्ण समजून मिश्र मलम चोळत बसतात. त्यातल्या स्टेरॉइडनं लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) ओसरतात आणि बायोप्सी, म्हणजे कातडीच्या तुकड्याची तपासणी, धड काही सांगत नाही. मलम २ ते ४ आठवडे बंद ठेवून मगच तुकडा घ्यायचा.

पॅथॉलॉजिस्ट :
रिपोर्टात मी 'नियामक पेशी' लिहीत नाही, 'फॉक्सपी३ धारक पेशी' लिहितो. 'नियामक' हे काम झालं आणि काचपट्टीवर दिसते ती खूण. माणसाच्या साध्या टी-पेशीसुद्धा चेतवल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात. नक्की ठरवायला सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी, अशी खुणांची जोडी फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीवरच्या खुणा मोजणारी तपासणी) बघावी लागते. त्यासाठी तुकडा जिवंत पेशींचा हवा. फॉर्मेलिनमध्ये बुडवला की संपलं, आणि ही चूक वरचेवर होते.

रंगकामात आणखी एक फसगत आहे. फॉक्सपी३ केंद्रकात रंगतं, नेहमीचा रंग तपकिरी. आपल्या सावळ्या कातडीत खालच्या थरातलं मेलॅनिनही तपकिरीच! केंद्रकाभोवतीचा तपकिरी दाणेदार रंग मोजला की आकडा फुगतो. लाल रंगद्रव्य वापरलं तर हा घोळ टळतो. सोबत पडताळणीसाठी टॉन्सिलची काचपट्टी ठेवायची, तिच्यात या पेशी असतातच; तीच रंगली नाही तर रुग्णाच्या काचेवरचं 'नाही' खरं मानायचं नाही.

त्वचारोगतज्ज्ञ, राजारामपुरी :
उपचाराच्या परिच्छेदात हा फरक फार उपयोगी पडेल. मोगॅम्युलिझुमॅब हे या लिम्फोमावरचं औषध पेशीवरच्या सीसीआर४ या खुणेवर बसतं. ती खूण बिघडलेल्या पेशींवर असते, तशी नियामक पेशींवरही. त्यामुळं दोन्ही मरतात. बर्गे निघाले की उरलेला प्रतिकार कातडीवर उसळतो आणि पुरळ येतं. ते हुबेहूब रोग वाढल्यासारखं दिसू शकतं, म्हणून औषध निकामी ठरवण्याआधी पुन्हा बायोप्सी.

भाषांतरकार, शाहूपुरी :
मग मजकूर असा करतो : 'नियामक टी-पेशी म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी. या आजारात त्या कधी रोगालाही आवर घालतात. रिपोर्टात फॉक्सपी३ धारक पेशी असा उल्लेख दिसेल. तो खुणेचा आहे, त्यावरून रोग वाढला असं समजू नये.'

प्रतिकारशास्त्राची शिक्षिका :
छान. फक्त 'पेशी' पहिल्यांदा येते तिथं 'शरीराचा सूक्ष्म घटक' एवढं जोडा. हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू, नाहीतर कोर्टाची तारीख. हुपरी-इचलकरंजीकडच्या हिंदीभाषक कामगारांच्या हातातही हे पत्रक पडणार आहे.